गुलमोहर आणि नीलमोहर

मे महिन्याच्या उन्हात रामदासपेठेतला गुलमोहर पेटलेला असतो. त्याचं माहेर मादागास्कर. निळ्या-जांभळ्या नीलमोहराचं अर्जेंटिना-बोलिव्हिया. पानं दोघांचीही पिसासारखी, कुळं मात्र वेगळी: गुलमोहर चिंचेचा भाऊबंद, नीलमोहर टेटूच्या झाडाचा. गुलमोहराची शेंग तलवारीसारखी लांब, नीलमोहराची चपटी डबीच.

गंमत पुढेच आहे. जगभरच्या रस्त्यांवर मिरवणारा नीलमोहर धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत, मूळ रानात 'असुरक्षित' ठरला आहे, कारण तिथली जंगलं शेतीखाली गेली. गुलमोहरही 1998 मध्ये याच वर्गात होता. पुढे त्याला 'कमी चिंतेचा' शेरा मिळाला. हे शेरे रानातल्या झाडांवरून ठरतात. आपल्या कंपाउंडातली झाडं त्यात मोजत नाहीत.