नातवंडांसह बेलमच्या गुहेत

आंध्र प्रदेशातील नंद्याल जिल्ह्यात, ताडिपत्रीजवळ बेलमची गुहा आहे. नातवंडांना एका दिवसाच्या सहलीत पृथ्वीच्या पोटात नेऊन आणण्याजोगे हे ठिकाण. मात्र निघण्यापूर्वी आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे : मला आत उतरण्याची खरोखर इच्छा आणि ताकद आहे, की केवळ मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून मी निघालो आहे?

गुहा कशी आहे?

भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1884 मध्ये या गुहेची नोंद केली. तिची लांबी 3,229 मीटर असून त्यातील काही भागच पर्यटकांसाठी खुला आहे. चुनखडीचा खडक पाण्याने हजारो वर्षे विरघळत गेला आणि ही भुयारे कोरली गेली. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना साचून झुंबरांसारखे आकार लोंबू लागले. सर्वांत खोल ठिकाणी ‘पाताळगंगा’ नावाचा झरा आहे. हे आकार हाताळू नयेत, हे मुलांना आधीच समजावावे. बोटांच्या तेलकटपणाने त्यांची वाढ खुंटते.

उकाडा आणि अंधार

गुहा म्हणजे गारवा, ही समजूत येथे फसवी ठरते. आत दमट उकाडा असतो. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्यावाचून शरीर निवत नाही. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. लहान मुले खेळाच्या नादात पाणी मागत नाहीत. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दोघांनीही आत जाण्यापूर्वी पाणी प्यावे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असल्यास किंवा पाण्याचे पथ्य असल्यास सहलीपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळी मनाने बंद करू नये.

वृद्ध डोळ्यांना अंधाराची सवय उशिरा होते. आत शिरताच थोडे थांबावे. पायांत न घसरणारे बूट असावेत आणि एक हात आधारासाठी मोकळा असावा. याच कारणाने आजी-आजोबांनी नातवाला कडेवर घेऊ नये. प्रत्येक लहान मुलामागे एक सशक्त मोठे माणूस असावे. उतरणे गुडघ्यांची परीक्षा पाहते, तर परतीची चढण छातीची. निम्मी ताकद परतीसाठी राखावी.

केव्हा थांबावे?

एक जिना चढतानाही धाप लागत असेल, नुकतीच हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल, वारंवार चक्कर येत असेल किंवा बंदिस्त जागेत जीव घाबरत असेल, तर आपण बाहेरच सावलीत थांबावे. आत गेल्यावर छातीत जडपणा, भोवळ, मळमळ जाणवली, किंवा बडबडे मूल एकाएकी गप्प अथवा चिडचिडे झाले, तर तेथूनच मागे फिरावे. बाहेर येऊन कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसावे, घोट घोट पाणी द्यावे. छातीतील जडपणा ओसरत नसेल, बोलणे असंबद्ध होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. अर्धवट शुद्धीत तोंडाने काहीही देऊ नये.

काळजीवाहकांनो, ‘चला हो, काही होत नाही’ असा आग्रह धरू नका. बाहेर थांबणारे कोणी एकटे राहणार नाही, एवढे मात्र पाहा. आणि आजी-आजोबांनो, आत जाणाऱ्या नातवंडांवर एक कामगिरी सोपवा : ‘पाताळगंगा कशी दिसते, ते मला येऊन सांगा.’ सांगायचे आहे म्हटल्यावर मुले अधिक बारकाईने पाहतात.