हिंगणघाटच्या कापसाची न आलेली बोट

हिंगणघाटजवळच्या वडनेरहून दक्षिणेला निघालं की पोहण्याजवळ महामार्ग वर्धा नदी ओलांडतो. पलीकडे यवतमाळ जिल्हा. पुलावरचे ट्रक इतके भरधाव जातात की नदीकडे बघायला कुणाला सवड नसते. दिवाळीत पाणी बऱ्यापैकी असतं, एखादा ढीवर डोंग्यातून जाळं ओढताना दिसतो. मे महिन्यात मात्र डबकी उरतात. याच नदीतून कापसाच्या गाठींनी भरलेल्या बोटी प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि थेट बंगालच्या उपसागराला न्यायच्या, असा बेत दीडशे वर्षांपूर्वी झाला होता. नुसता बेत नव्हे, दहा वर्षं त्यावर काम चाललं.

बेतामागे होते इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटन. (आडनावच कॉटन, त्याला कोण काय करणार!) त्यांनी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा घातला, तो १८५२ मध्ये पुरा झाला. त्यातून निघालेल्या कालव्यांनी शेतं भिजत आणि त्यांतूनच नावाही चालत. हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा कालव्यांची गरज जास्त, हा त्यांचा हट्ट. इकडे नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरपर्यंत जायचा. वाटेत धूळ, पाऊस, आणि पोचेपर्यंत मालाची रया गेलेली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या बसायची वेळ आली. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना गोदावरी एकदम जवळची वाटू लागली. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीही योजना उचलून धरली.

अडचण खडकांची होती. नदीत तीन ठिकाणी खडकांचे लांबलचक पट्टे आडवे पडलेले: पहिला भद्राचलमजवळ दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाच्या बाजूला ईचमपल्लीला, तिसरा प्राणहितेत. कामावरचे इंजिनिअर कॅप्टन हेग यांनी दुम्मागुडेमला बंधारा घातला, खडकांना वळसा देणारा कालवा खणला, त्याला लॉक बसवलं. तोडगा अस्सल विलायती होता.

हे लॉक म्हणजे काय, ते मला पुस्तकातून नीट कळलं नव्हतं. मुलीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा यॉर्कशरमधल्या स्किप्टनला लीड्स-लिव्हरपूल कॅनॉलवर एका दिवसासाठी नॅरोबोट भाड्याने घेतली. रुंदी जेमतेम सात फूट, लांबी मात्र आमच्या घरापेक्षा जास्त. मागे उभं राहून सुकाणूचा दांडा धरायचा. तो डावीकडे ढकलला की बोटीचं तोंड उजवीकडे वळतं. हे अंगवळणी पडेपर्यंत मी दोनदा काठावरच्या झुडपात शिरलो. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, आम्ही तेवढंही गाठलं नाही. काठावरच्या पायवाटेने कुत्रं फिरवणारी एक आजीबाई आम्हाला मागे टाकून गेली. मधेमधे रस्त्याचे फिरते पूल लागतात. बोटीतल्या माणसाने उतरायचं, फाटक लावून मोटारी थांबवायच्या आणि पूल ढकलून बाजूला करायचा. आमच्या हिने हे काम इतक्या रुबाबात केलं की चार-पाच मोटारवाले मुकाट बसून राहिले.

ही पायवाट म्हणजे जुन्या घोड्यांची वाट. एक घोडा दोर लावून पंचवीस-तीस टन माल ओढायचा. बंडीला बैल जुंपणाऱ्या कास्तकाराला हा आकडा खरा वाटणार नाही. पण पाणी सपाट असलं की ओझं पाणीच पेलतं.

दुसऱ्या दिवशी बिंगलीला गेलो. तिथे १७७४ पासून पाच लॉकची पायऱ्यांसारखी रांग आहे, चढ अठरा मीटरचा. लाकडी दारांची जोडी बंद झाली की दोन्ही फळ्या वरच्या पाण्याच्या बाजूला किंचित टोक काढून टेकतात. मग वरचं पाणीच त्यांना घट्ट दाबून ठेवतं, कडीकोयंड्याचं काम नाही. हँडल फिरवून दाराखालची झडप उचलली की वरच्या हौदातलं पाणी घोंघावत खालच्या हौदात येतं आणि बोट पाण्याबरोबर हळूहळू वर चढते. ना पंप, ना इंजिन. फक्त प्रत्येक बोटीमागे हौदभर पाणी वरून खाली जातं.

मेख इथेच आहे. ते पाणी बारा महिने वर साठलेलं लागतं. त्यासाठी तिकडे डोंगरात तलाव बांधलेत आणि पाऊस वर्षभर पडतो. तरीही २०१० च्या उन्हाळ्यात तलाव आटल्याने याच लीड्स-लिव्हरपूल कॅनॉलचा मोठा टप्पा बंद ठेवावा लागला. आपल्याकडे तर दोन खडकपट्ट्यांमधला सगळा प्रवास उघड्या नदीतूनच होणार होता. लॉक कितीही चांगलं बांधा, पाऊस सरल्यावर बोट तरंगणार कशावर? माझ्या मते योजना इंजिनिअरांच्या बांधकामातल्या चुकीने बुडाली नाही. गोदावरीच्या डेल्टातलं यश त्यांनी पठारावर गृहीत धरलं, तिथे गणित फसलं. त्यात १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये सरकारने काम थांबवलं. पुढे वर्ध्याहून रेल्वेचा फाटा हिंगणघाटलाही आला.

हिंगणघाटी कापसाला मात्र लिव्हरपूलच्या बाजारात त्याच्या नावाने वेगळा भाव निघे. गोदीतून बऱ्याच गाठी कॅनॉलने ब्लॅकबर्न, बर्नलीच्या गिरण्यांकडे जात. म्हणजे इथे बोट न मिळालेला आपला कापूस तिकडे बोटीत बसलाही असेल. स्किप्टनला मला काठावरच्या जुन्या दगडी गिरण्या दिसत होत्या, तेव्हा हेच मनात घोळत होतं.

२०१६ च्या कायद्याने देशातल्या शंभरावर जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. त्या यादीत पैनगंगा-वर्धा ही जोडीही आहे. पोहण्याच्या काठावर डोंगा ओढून ठेवणाऱ्या एका ढिवराला मी हे सांगितलं. त्याने बिडी विझवली आणि विचारलं, “मंग उन्हाळ्यात बोट डोक्शावर घेऊन जाची का जी?”