संगणकाचे शिक्कामोर्तब

बँकेच्या किंवा दवाखान्याच्या संकेतस्थळावर आपण एकदा पासवर्ड देतो आणि मग पानामागून पान उघडत जातो. पलीकडचा सर्व्हर तसा विसरभोळा. प्रत्येक विनंती त्याला नवीच. मग तो आपल्याला ओळखतो कसा? अनेक ठिकाणी याचे उत्तर म्हणजे सही केलेले टोकन. ‘जेसन वेब टोकन’ या प्रकाराचे प्रमाण मे २०१५ मध्ये आरएफसी ७५१९ म्हणून प्रसिद्ध झाले.

जुन्या मराठी पत्रांत आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे, म्हणजे खाली कोणी ओळ वाढवू नये. टोकनाचेही तसेच. त्याचे तीन भाग. पहिल्यात सहीची पद्धत, दुसऱ्यात मजकूर (माणूस कोण, मुदत कधीपर्यंत) आणि तिसऱ्यात सही. पहिले दोन भाग आणि सर्व्हरची गुप्त किल्ली एकत्र घेऊन, उदाहरणार्थ एचमॅक-एसएचए-२५६ या पद्धतीने, २५६ बिटांचे उत्तर काढतात. तीच सही. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी उत्तर पार बदलते, आणि किल्लीवाचून नवे काढता येत नाही. टोकन परत आले की सर्व्हर तेच गणित पुन्हा करून सही ताडून पाहतो.

पण सही म्हणजे कुलूप नव्हे. मजकूर बेस-६४ मध्ये लिहिलेला असतो. तो कोणालाही उलगडता येतो. म्हणून त्यात सोशल सिक्युरिटी नंबर कधीही घालू नये.

माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी मजकूर नुसता उलगडला, सही तपासलीच नाही! स्वतःला ‘व्यवस्थापक’ म्हणवणारा कोणीही आत शिरला असता. एका सहकाऱ्याने वेळीच दाखवले म्हणून निभावले. २०१५ मध्ये काही तयार लायब्रऱ्यांतही असाच दोष उघड झाला होता. टोकनाच्या पहिल्या भागात ‘सहीची पद्धत : काही नाही’ असे लिहिले की त्या ते खरे मानत. पाहुण्यानेच ‘मला तपासू नका’ म्हणावे आणि दारवानाने ऐकावे, तसेच हे! पद्धत सर्व्हरनेच ठरवलेली हवी.

शेवटी मुदत. चोरलेल्या टोकनावरचा शिक्काही अस्सलच असतो. म्हणून मुदत थोडी ठेवावी आणि दर वेळी तपासावी. आणि वाचनालयातल्या संगणकावरून उठताना ‘लॉग आउट’ करायला आपणही विसरू नये.