गाडी एसटीची, चालक कोणाचा?

गणपतीला चाकरमानी गावाकडे निघाले की पोलादपूरच्या स्थानकात उभं राहायला जागा नसते. 2024 साली चतुर्थी होती 7 सप्टेंबरला आणि एसटीचा संप सुरू झाला 3 तारखेला. ‘यांना सणच सापडतो!’ हे वाक्य संपाच्या त्या दोन दिवसांत स्थानकात ऐकलं, टपरीवर ऐकलं, घरातही ऐकलं. राग अगदीच निराधार नाही. 2017 चा संपही ऐन दिवाळीत चार दिवस चालला होता. पण 2024 चा संप फक्त जास्त पैशांसाठी होता, हा समज चुकीचा आहे.

नोव्हेंबर 2021 मध्ये सरकारने मूळ वेतनात वाढ दिली, पण तिचे तीन भाग पाडले. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना 5,000 रुपये, दहा ते वीस वर्षंवाल्यांना 4,000 आणि वीस वर्षांहून अधिक काळ गाडी हाकणाऱ्यांना 2,500. ज्याचे केस घाटात पांढरे झाले त्याला सर्वांत कमी! 2024 च्या संपात अनेक संघटना कृती समिती करून एकत्र बसल्या आणि वाढ सरसकट 6,500 ठरली. म्हणजे आधी 5,000 मिळालेल्यांना आणखी 1,500, तर 2,500 वाल्यांना आणखी 4,000. ही दरी बुजवणं मला पगारवाढीइतकंच मोलाचं वाटतं.

पुढाऱ्यांनी संप मागे घेतला की गाड्या सुटतात, हाही एक समज. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस कृती समितीने आंदोलन मागे घेतलं, तरी आगारांतले कामगार एसटी महामंडळ शासनात विलीन करण्याच्या मागणीवर बसून राहिले. शेवटी 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर या, असं उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

पण सर्वांत मोठा गैरसमज वेगळाच आहे. एसटीची गाडी म्हणजे चालकही एसटीचाच, असं आपण धरून चालतो. 2017 मध्ये एसटीची वातानुकूलित शिवशाही बस आली, तेव्हापासून महामंडळ चालकासकट गाड्या भाड्याने घेत आलं आहे. गाडी ठेकेदाराची, चालक त्याचा, वाहक महामंडळाचा, आणि ठेकेदाराला पैसे किलोमीटरमागे. मागे एकदा पोलादपूरला असे दोघं एकाच बाकावर डबा खात बसले होते. वाहक महागाई भत्त्याचा फरक कधी जमा होईल ते सांगत होता. चालकाने भाकरी मोडता मोडता विचारलं, ‘फरक म्हणजे काय, दादा?’ कशेडी घाट दोघं एकाच गाडीतून उतरले होते.

त्या चालकासाठी एसटीची संघटना का बोलत नाही? 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेची पद्धत घालून दिली. किमान 30 टक्के कामगार सभासद हवेत, मग तिला मालकाशी करार करता येतो. पण तो करार महामंडळाच्या कामगारांपुरता. ठेकेदाराचा चालक आपली संघटना काढू शकतो, पण त्याचा मालक ठेकेदार, आणि ठेकेदार महामंडळाने ठरवलेल्या दराकडे बोट दाखवतो. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत बेस्टच्या भाड्याच्या गाड्यांवरचे चालक संपावर गेले, तेव्हाही समान कामाला समान वेतन हीच मागणी होती.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत डेल्टा, युनायटेडसारख्या कंपन्या जवळची उड्डाणं छोट्या प्रादेशिक कंपन्यांकडून करून घेतात. विमानावर नाव मोठीचं, वैमानिक छोटीचा. 1931 साली स्थापन झालेल्या वैमानिकांच्या संघटनेत दोन्हीकडचे सभासद आहेत, मात्र करार प्रत्येक कंपनीशी वेगळा. तरी मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी आपल्या करारातच कलम घालून घेतलं, की प्रादेशिक कंपनीने 76 पेक्षा जास्त आसनांचं विमान त्यांच्या नावाने उडवायचं नाही. त्याने मोठ्यांचं काम राखलं जातं, छोट्यांचा पगार वाढत नाही. पण बाहेर दिलेलं काम हा करारात बोलण्याचा विषय आहे, एवढं तरी त्यांनी ठरवून टाकलं.

आपल्याकडे 2021 च्या संपात महामंडळाने ठेकेदारामार्फत चालक नेमून गाड्या सोडल्या. कायम कामगाराची ताकद कुठे तुटते, ते तेव्हा दिसलं. म्हणून एसटीच्या संघटनांना कळकळीची विनंती: पुढच्या वेतनकराराला बसाल तेव्हा भाड्याच्या गाडीवरच्या चालकाची मागणीही आपल्या मागणीपत्रात लिहा.