नसलेल्या बाईचे दप्तर

इतिहास म्हणजे कागद, हे आपल्याकडे राजवाड्यांनी ठसवले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि बखरीतल्या सांगोवांगीपेक्षा अस्सल समकालीन पत्राचे वजन वाढले. ही शिस्त मला मान्य आहे. मात्र तिच्यात एक गृहीत दडलेले आहे : जे घडले त्याचा कागद कुणीतरी केला आणि तो कुणीतरी जपला. समलिंगी माणसांच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. त्यांची पत्रे कधी लिहिणाऱ्यानेच जाळली, कधी मागे राहिलेल्या नातेवाइकांनी. उरले ते बरेचसे पोलिसांच्या आणि न्यायालयांच्या दप्तरात. १८८४ सालचा खैरातीचा खटला पाहा. स्त्रीवेशात गाताना दिसल्यावरून पकडलेल्या या व्यक्तीला सत्र न्यायालयाने कलम ३७७ खाली दोषी ठरवले. गुन्हा कधी, कुठे, कुणाबरोबर झाला हेच आरोपात नाही म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाने सोडून दिले. वैद्यकीय तपासणी कागदावर आली. खैरातीच्या मनाची नोंद करण्याचे कुणाला कारणच नव्हते.

अशा दप्तरापुढे कलावंताने काय करावे? या प्रश्नाला मला सापडलेले सर्वांत धीट उत्तर अमेरिकेतले आहे : शेरिल डनये या काळ्या समलिंगी दिग्दर्शिकेचा १९९६ सालचा चित्रपट ‘द वॉटरमेलन वुमन’.

चित्रपटातल्या नायिकेचे नावही शेरिलच, आणि ती भूमिका डनये स्वतःच करते. फिलाडेल्फियातल्या व्हिडिओच्या दुकानात काम करणाऱ्या या मुलीला एका जुन्या चित्रपटात मोलकरणीचे काम करणारी देखणी काळी नटी दिसते. श्रेयनामावलीत तिचे नाव नाही. आहे ते फक्त ‘कलिंगडवाली’. कलिंगड हे काळ्या लोकांची टिंगल करण्याचे तिकडचे जुने हत्यार, म्हणजे नावाच्या जागी शिवीच. शेरिल शोधाला लागते. ग्रंथालये, खाजगी संग्राहक, स्वतःची आई, स्वयंसेवकांनी चालवलेले खोक्यांनी भरलेले अभिलेखागार अशी पायपीट करून तिला नाव मिळते : फे रिचर्ड्स. मार्था पेज या गोऱ्या दिग्दर्शिकेशी फेचे प्रेमसंबंध होते, हेही कळते. शोध संपला असे वाटत असतानाच फेबरोबर वीस वर्षे संसार केलेल्या जून वॉकरचे पत्र येते. तिचा राग असा की, शेरिलने पेजलाच मोठे केले. मला हा प्रसंग साऱ्या चित्रपटाचा कणा वाटतो. दबलेल्यांचा इतिहास धुंडाळणारासुद्धा आधी तिकडेच वळतो, जिथे नाव, पैसा आणि छायाचित्रे आहेत.

आणि शेवटी पडद्यावर अक्षरे येतात : ही कथा काल्पनिक आहे. फे रिचर्ड्स कधी नव्हतीच. तिची छायाचित्रे झोई लेनर्ड या छायाचित्रकर्तीने नटनट्यांना उभे करून घडवली होती. एकूण ८२ छायाचित्रे, सोबत टंकलिखित नोंदी. प्रत्येक दशकाचे कपडे, प्रकाशयोजना, ओरखडे आणि डाग, सारे हुबेहूब.

यावर राजवाड्यांच्या परंपरेतला वाचक विचारील, मग हिच्यात आणि बनावट सनदेत फरक काय? माझ्या मते फरक सहीचा आहे. खोटी सनद करणारा स्वतःला लपवतो, कारण त्याला वतन लाटायचे असते. डनये शेवटी स्वतःचे नाव आणि साल लिहून मोकळी होते. ‘असे घडले’ असा तिचा दावा नाही. ‘अशी बाई असती, तरी तुमच्या दप्तरात ती सापडली नसती’, एवढाच आहे, आणि तो खराच आहे.

ही मुभा खऱ्या माणसाबाबत मात्र इतकी सैल नाही. आयझॅक ज्युलियनने १९८९ साली ‘लुकिंग फॉर लँग्स्टन’ हा लघुपट केला. कवी लँग्स्टन ह्यूज आणि हार्लेममधल्या कलावंतांचे समलिंगी जग त्याने जुनी चित्रफीत व रचलेली दृश्ये एकत्र गुंफून उभे केले. ह्यूजच्या वारसदारांनी कवितांच्या वापराला हरकत घेतली आणि न्यूयॉर्कच्या महोत्सवात त्या जागी आवाज बंद करावा लागला. दप्तराची किल्ली कुणाकडे असते, हे त्या शांततेने सांगितले.

डनयेचा चित्रपट २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत दाखल झाला. नसलेल्या बाईचे दप्तर आता देशाच्या दप्तरात आहे.

तरीही, पान कोरे आहे असे धरून चालण्याची घाई नको. अंजली अरोंदेकर यांनी ‘अबंडन्स’ या २०२३च्या पुस्तकात गोमंतक मराठा समाजाच्या, म्हणजे गोवा आणि मुंबईतल्या कलावंत घराण्यांतून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या, कागदपत्रांकडे लक्ष वेधले आहे. लैंगिकतेचा इतिहास म्हणजे हरवलेपणच, या समजुतीलाच त्या हरकत घेतात. हे दप्तर भरगच्च आहे, आणि त्यात मराठीही आहे. ते वाचायला आपल्याला परकी भाषा शिकावी लागणार नाही.

म्हणून माझ्या लेखी क्रम असा : आधी शोध, मग कल्पना, आणि कल्पनेखाली सही. शोधाची सुरुवात घरातूनही होऊ शकते. दिवाळीच्या आवराआवरीत लग्न न केलेल्या एखाद्या आत्याच्या ट्रंकेत मैत्रिणीच्या पत्रांचा गठ्ठा निघाला, तर त्यातून घाईने कुठलाही अर्थ काढू नये. फक्त तो रद्दीत जाऊ देऊ नये.