ग्रुपवर पोस्ट टाकण्याआधी काय पाहावं?

छत्रपती संभाजीनगरात मोर्चा किंवा निदर्शनं म्हटली की क्रांती चौक आलाच. शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे हा चौक व्हिडिओत चटकन ओळखू येतो. ओळखू येत नाही ती तारीख. जुन्या गर्दीचा व्हिडिओ 'आत्ता क्रांती चौकात' असं लिहून ग्रुपवर टाकला, तर जागा खरी असते, बातमी खोटी. अशा वेळी बारकावे मदत करतात. इथल्या उंच चौथऱ्यावरच्या २१ फुटी नव्या पुतळ्याचं अनावरण फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं. व्हिडिओत आधीचा ठेंगणा पुतळा दिसत असेल, तर तो त्यापूर्वीचाच.

एका फॉरवर्डने काय होतं?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. मारले गेलेले पाचही जण भिक्षेसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. मेसेजवर दुहेरी बाण दिसला, तर तो अनेक हातांतून फिरून आलेला असतो. तो खोटाच असेल असं नाही, पण तपासावा नक्की.

कायदा काय म्हणतो?

खोटी माहिती किंवा अफवा पसरवून लोकांत भीती वा तेढ निर्माण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ नुसार गुन्हा आहे. सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं.

एवढं पाळावं

• व्हिडिओसोबत ठिकाण, तारीख आणि तो कुठून मिळाला ते लिहावं. माहीत नसेल तर पुढे पाठवू नये.
• वाद मुद्द्यावर घालावा. समोरच्याची जात, धर्म, आडनाव काढू नये.
• कुणाचा फोन नंबर, पत्ता किंवा लहान मुलांचे फोटो परवानगीशिवाय टाकू नयेत.
• चूक झाली तर पोस्ट गुपचूप डिलीट करून थांबू नये. जिथे चूक केली, त्याच ग्रुपवर 'ती माहिती चुकीची होती' असं लिहावं. डिलीट केलेली पोस्ट तोवर दुसऱ्या ग्रुपवर पोहोचलेली असू शकते. निदान दुरुस्ती तरी तिच्या मागोमाग जायला हवी.