कट्ट्यावर न बसताही बातमी मिळते : तालुक्यातल्या महिला वार्ताहरांसाठी कामाच्या गोष्टी

तालुक्याच्या ठिकाणी बातमी कचेरीत कमी आणि बाहेर जास्त मिळते. हॉटेलात चहा पिताना, बसस्टँडसमोरच्या पानटपरीवर, नाहीतर रात्री नऊनंतर पोलीस ठाण्याच्या आवारात. या तिन्ही जागा पुरुषांच्या. त्यामुळे एखादी मुलगी हातात माईक घेऊन कामाला लागली की महिन्याभरात तिच्या लक्षात येतं, की गावाला ठाऊक असलेली बातमी आपल्याला सगळ्यात शेवटी कळते. वरिष्ठ म्हणतात, 'जरा धीट व्हा.' आणि हळदीकुंकू, रांगोळी स्पर्धा, शाळेचं गॅदरिंग एवढंच तिच्या वाट्याला येतं. वर्षभर हेच चाललं की तिलाही वाटू लागतं, आपल्यात धमक नाही.

अडचण आहे ती बातमीच्या वाटेची, आणि ती वाट बदलता येते.

बीड जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. एवढी मोठी गोष्ट काही एका दिवसात घडलेली नव्हती. पण पानटपरीवर ती येणार कशी? 'माझी पिशवी काढली' असं कोणती बाई परक्या पुरुषाला सांगेल? दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईला मात्र ती सहज सांगते. ही जागा महिला वार्ताहराची आहे, आणि तिथं तिला स्पर्धा नाही.

आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या सचिव, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया यांना गावातलं सगळं ठाऊक असतं. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती खरंच होते की नुसत्या सह्या गोळा होतात, हीच एक बातमी. २०११ पासून ग्रामपंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, तरी सरपंचबाईंचा फोन बऱ्याच ठिकाणी अजून त्यांचे मालकच उचलतात. पुरुष पत्रकार ओसरीवर मालकांशी बोलून परत जातो. वार्ताहर ताई आत चुलीपाशी बसून सरपंचांशीच बोलू शकते.

दुसरी वाट कागदाची. २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हा कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. याचा फायदा फार थोडे पत्रकार घेतात. माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून करायचा. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. रात्री पोलीस ठाण्यात ताटकळण्याचीही दर वेळी गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. महिलांवरील अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात.

कागद हातात असला की आवाज आपोआप चढतो. पत्रकार परिषदेत 'पाणीटंचाईबद्दल काय सांगाल?' असं विचारलं की साहेब दहा मिनिटं भाषण करतात. 'या गावाला टँकरच्या मंजूर खेपा किती, आणि लॉगबुकात नोंद किती?' असं विचारलं की साहेबांना शेजारच्या कारकुनाकडं बघावं लागतं. 'ताई, तुम्हाला नंतर सांगतो' असं उत्तर आलं तर 'कधी येऊ?' एवढंच विचारावं, वेळ सगळ्यांसमोर वहीत लिहून घ्यावी आणि त्या वेळेला जावं. पहिल्या परिषदेत छाती धडधडते, चौथ्या-पाचव्याला नाही. प्रश्न आधी लिहून नेण्यात कमीपणा नाही. जुने-जाणते पत्रकारही तळहाताएवढ्या कागदावर मुद्दे लिहून नेतात.

हे काम बायकांना नवं नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेला 'दीनबंधु' पुढे पतीच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी संपादक म्हणून चालवला. आजच्या काळातलं उदाहरण उत्तर प्रदेशातलं आहे. चित्रकूट जिल्ह्यात २००२ मध्ये सुरू झालेलं 'खबर लहरिया' गावाकडच्या बायकांनीच चालवलं, त्यात दलित महिला आघाडीवर. छापील अंकावरून त्या मोबाईलच्या व्हिडिओवर आल्या. त्यांच्यावरचा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. आपल्याकडं मोबाईल तर घराघरात आहे.

पैशाचं बोलायला मात्र सगळेच लाजतात. तालुका वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, जाहिरातीवर कमिशन असतं. ज्या पुढाऱ्याविरुद्ध बातमी द्यायची, त्याच्याच वाढदिवसाची जाहिरात मागायला जायचं, हा या धंद्यातला जुनाच तिढा. त्यातून पुरवणीच्या वसुलीला रात्री उशिरा 'घरी या' म्हणणारे महाभाग भेटतात ते वेगळंच. बातमीमागं किती, पेट्रोल कोण देणार, कमिशन किती टक्के आणि बातमीवर नाव कुणाचं, हे काम धरतानाच ठरवून घ्यावं. लेखी पत्र कुणी देत नाही, पण ठरलेलं व्हॉट्सॲपवर पाठवून 'बरोबर ना?' असं विचारून ठेवता येतं.

त्रास झालाच, तर 'मी कुठं पगारी आहे' म्हणून गप्प बसायचं कारण नाही. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यात हंगामी, रोजंदारी आणि बिनपगारी काम करणारी महिलाही येते. कामासाठी गेलेली जागा आणि मालकानं दिलेल्या गाडीतला प्रवासही कामाचंच ठिकाण धरतात. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती नसते. अशा ठिकाणची, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल तर तीही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात तिची माहिती मिळते. मुदत तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. आलेले मेसेज आणि कॉलची नोंद तोवर मोबाईलमधून पुसू नये.